चिंगीला उचलून फिरवू नका

पत्र

डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

आम्ही अमळनेर तालुक्यातल्या एका गावात राहतो. घरी अडीच महिन्यांचं मांजराचं पिल्लू आहे, चिंगी. तीन आठवड्यांपूर्वी वर्षाचे गहू कोठीत भरताना कोठीचं लोखंडी झाकण माझ्या हातून निसटलं आणि तिच्या डोक्यावर पडलं. पाच-दहा मिनिटं ती बेशुद्ध होती, नाकातून रक्त आलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी दोन दिवस सलाईन आणि इंजेक्शनं दिली. जीव वाचला, खाते-पिते, पण तिला दिसत नाही. भिंतीवर, खाटेच्या पायावर आपटते. डोळे उघडे असतात, वरून जखम काही नाही. आधी एकाच बाजूला गोल गोल फिरायची, ते आता कमी झालंय. मुलगा पाचवीत आहे, सुट्टी असल्यामुळे दिवसभर तिला कडेवर घेऊन असतो. सासूबाई म्हणतात, "आंधयं पिल्लू काय कामनं, मळामां सोडी द्या." मालक म्हणतात, हाल करण्यापेक्षा इंजेक्शन देऊन मोकळं करावं. आमच्याकडे मांसाहार नाही, दूध-पोळी देतो. तिची नजर परत येईल का? आणि नाही आली, तर तिला ठेवणं म्हणजे तिचे हाल करणंच का?

उत्तर

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण घरात वाद त्यावरूनच चालला असणार. नुसतं दिसत नाही एवढ्या कारणासाठी मांजर मारायची गरज नाही, आणि ठेवलं म्हणून तिचे हाल होत नाहीत. जे पिल्लू आपलं आपण खातं, अंग चाटून साफ ठेवतं, भांडं वाजलं की कान वळवतं, ते हालात नाही. मालकांचा हेतू वाईट नाही हे मला कळतं. ते इंजेक्शन मीही देतो, द्यावं लागतं. पण ज्याचे झटके औषधानं थांबत नाहीत, ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, ज्याच्या वेदना कशानंच आटोक्यात येत नाहीत, अशा जनावराला. चिंगी त्यांच्यात बसत नाही. तिचं जिवावरचं शेपटावर निभावलं आहे.

मळ्यात सोडणं मात्र सरळ सरळ मरण. डोळस पिल्लाचीही मळ्यात कुत्र्यांपुढे आणि मुंगसांपुढे धडगत नसते. इथे तर उघडी विहीर आणि वैशाखातलं आपल्या भागातलं ऊन, दोन्ही आहेत. पाळलेलं जनावर असं उपाशी-तहानलेलं मरायला सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे. पण सासूबाईंना कायदा सांगायला जाऊ नका, बाईमाणूस कायद्यानं ऐकत नाही आणि सासू तर नाहीच. त्यांच्यासाठी एक काम आहे, ते पुढे सांगतो.

आता नजरेचं. डोक्याला मार लागून दृष्टी गेली की बिघाड दोनपैकी एका ठिकाणी असतो. एक, डोळ्याच्या आतला पडदा किंवा तिथून मेंदूकडे जाणारी नस. दोन, मेंदूचा मागचा भाग, जिथे डोळ्यानं आणलेल्या चित्राचा अर्थ लागतो. पहिल्या ठिकाणी इजा असेल तर नजर सहसा परत येत नाही. दुसऱ्या ठिकाणी इजा असेल तर मेंदूची सूज उतरेल तशी ती थोडी थोडी येऊ शकते, काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत. कधी पूर्ण येते, कधी नुसता उजेड आणि सावली कळण्याइतकी. तुमच्या पत्रात डॉक्टरांनी बाहुल्या तपासल्याचा उल्लेख नाही, म्हणून एक तपासणी घरी करून बघा.

संध्याकाळी दिवे घालवून खोलीत जरा अंधार करा. चिंगी मांडीवर शांत बसली की दोन-तीन मिनिटं थांबा, म्हणजे बाहुल्या मोठ्या, गोल होतील. मग मोबाइलचा टॉर्च बाजूनं आणून एका डोळ्यावर धरा. निरोगी डोळ्याची बाहुली बघता बघता बारीक होते, मांजरात तर उभ्या फटीसारखी. दुसऱ्या डोळ्याचंही तसंच बघा. ती घाबरलेली असेल तर बाहुल्या भीतीनंही मोठ्या राहतात, म्हणून धरपकड करून ही तपासणी करू नका.

नंतर कापूस. तुमच्या घरात त्याला तोटा नसावा. सरकी काढलेला, बोंडाएवढा हलका पुंजका घ्या आणि ती उजेडात जागी बसलेली असताना तिच्या नाकापासून हातभर पुढे वरून खाली सोडा. कापसाला आवाज नाही, त्याची वाऱ्याची झुळूक लागत नाही. दिसत असेल तर पिल्लाची मान त्याच्यामागे खाली जाते. बरेच जण डोळ्यांपुढे हात हलवून बघतात आणि पापणी मिटली की "दिसतंय, दिसतंय" म्हणतात. तो वारा मिशांना लागलेला असतो. शिवाय अंगावर येणाऱ्या हातापुढे पापणी मिटणं पिल्लू हळूहळू शिकतं, अडीच महिन्यांच्या पिल्लाकडून त्याची खात्रीनं अपेक्षा धरता येत नाही.

दोन्ही बाहुल्या उजेडात बारीक होतात पण कापसाकडे लक्ष जात नाही, असं निघालं तर डोळा आणि नस शाबूत आहे, अडलंय ते मेंदूत. मग आशा धरायला जागा आहे. गोल फिरणं कमी झालं ही त्याच बाजूची चांगली खूण. बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या राहिल्या, टॉर्चला हलल्याच नाहीत, तर तीन आठवड्यांनंतर नजर परत येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. आणि एक बाहुली मोठी, एक लहान दिसली तर दुसऱ्या दिवशीची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. ही तपासणी आठवड्यातून एकदा पुरे. रोज दहादा टॉर्च मारल्यानं नजर लवकर येत नाही.

मोठ्या शहरात नेऊन एमआरआय करावा का, असं कोणीतरी तुम्हाला सुचवेलच. तीन आठवडे झाल्यावर, पिल्लू खात-पीत असताना, त्या फोटोनं उपचारात फारसा फरक पडणार नाही. ते पैसे वाचवा. त्यापेक्षा जळगाव किंवा धुळ्याला कुत्र्या-मांजरांची नेहमीची प्रॅक्टिस असलेल्या डॉक्टरांकडून डोळ्यांचा आतला पडदा एकदा तपासून घ्या. आम्ही तालुक्याची डॉक्टर मंडळी गाई-म्हशींत मुरलेलो असतो. एक किलोच्या जिवाला औषध काढताना आमचाही हात जरा थबकतो.

डोक्याला मार लागलेल्या पिल्लाला पुढे काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही झटके येऊ शकतात. ती एका अंगावर पडून पाय झाडायला लागली, तोंडाला फेस आला, तर घाबरून उचलू नका. आजूबाजूचं सामान सरकवा, तोंडात बोट किंवा चमचा घालू नका, आणि कांदा किंवा चप्पल हुंगवायचा आपला गावठी उपाय तर करूच नका. घड्याळ बघा, कोणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला किंवा दिवसात दुसऱ्यांदा आला तर लगेच निघा. वारंवार उलट्या, मान एका बाजूला कलंडणं, हाक मारूनही न उठणारी झोप, नाका-कानातून पुन्हा रक्त, यातलं काही दिसलं तरी तसंच.

औषधांबद्दल एकच गोष्ट, पण ती भिंतीवर लिहून ठेवा. पिल्लू कण्हतंय, अंग गरम लागतंय म्हणून माणसांची पॅरासिटामॉल कधीही द्यायची नाही. अर्धी नाही, पाव नाही, मुलांचं सिरपही नाही. ते औषध पचवायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. रक्तातल्या तांबड्या पेशी निकामी होतात आणि मांजर गुदमरल्यासारखं मरतं. आयबुप्रोफेनही कधी द्यायचं नाही. "सूज उतरायला" स्टेरॉइडचं इंजेक्शन मागून घेऊ नका, डोक्याच्या मारात ते देऊ नये असंच आता मानतात. घरात उरलेले डोळ्यांचे थेंब, मध, गुलाबपाणी, काही घालायचं नाही. डोळ्यांत चिपडं धरलं तर उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. डोळा मिटून धरत असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर दवाखाना.

आता ज्यासाठी हे उत्तर मुळात लांबवतोय ते. चिंगीला सध्या सगळ्यात जास्त त्रास तुमच्या मुलाच्या मायेचा होतोय.

आंधळं पिल्लू चालतं कसं ते एकदा ओट्यावर बसून नीट बघा. पोट जमिनीला जवळ, मान पुढे ताणलेली, दोन्ही बाजूंच्या मिशा गालाला न चिकटवता पुढे फेकलेल्या. पुढचा एक पंजा जरा उंच उचलून ती हवेत थांबते, टेकवते, मग दुसरा. भिंतीला अंग घासत कोपऱ्यापर्यंत जाते, तिथून वळते, परत येते. तीच फेरी पुन्हा पुन्हा. आपल्याला वाटतं बिचारी भरकटली, आणि आपण तिला उचलतो. ती तर घराचा नकाशा काढत असते. इथून इतकी पावलं की खाटेचा पाय, तिथून डावीकडे गार फरशी, पुढे पाण्याचा वास. तुमच्या मुलानं तिला मधूनच उचललं, अंगणात नेलं, शेजारी दाखवलं आणि भलत्याच जागी खाली सोडलं की तो सगळा हिशेब पुसला जातो. जमिनीवर पाय टेकल्याबरोबर तिला कळतच नाही आपण कुठे आहोत. मग ती आपटते. आपटली की मुलाला दया येते आणि तो पुन्हा उचलतो.

तेव्हा कडेवर घेणं बंद. दवाखान्यात न्यायला किंवा संकटातून काढायला उचललंच, तर खाली ठेवायची जागा एकच, तिची गोधडी. रोज तीच, तिथेच. मुलाला सांगा, जमिनीवर बस, नाव घेऊन हाक मार आणि ती येईपर्यंत थांब. आली की आधी बोट हुंगू दे, मग खांद्यावर हात. झोपेत तर हाक मारल्याशिवाय हात लावायचाच नाही, दचकून ती चावेल. चावलीच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन दवाखान्यात दाखवायची, घरचं पिल्लू आहे म्हणून सोडून द्यायची नाही. आणि त्याला दुसरं काम द्या. आठवड्याला एकदा किराण्याच्या काट्यावर तिचं वजन करून वहीत लिहायचं. या वयात आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढायला हवेत. सलग दोन आठवडे काटा हलला नाही तर मला नाही, डॉक्टरांना कळवा.

सुरुवातीला तिला एकच खोली द्या, जिथे वर्दळ कमी. एका कोपऱ्यात गोधडी. तिथून दोन हातांवर खाणं आणि पाणी, खाली चटईचा तुकडा. समोरच्या कोपऱ्यात शी-शूची जागा, बुटक्या काठाच्या घमेल्यात बारीक चाळलेली वाळू आणि त्याच्यापुढे गोणपाट. गोधडी, चटई, गोणपाट, तिन्हींचा स्पर्श वेगळा. पायाखाली काय आलं त्यावरून पुढे काय आहे ते तिला कळतं. त्या खोलीत ती न आपटता, शेपटी वर करून फिरायला लागली की दार उघडा आणि पुढची खोली तिची तिला शोधू द्या. एकदा घर पाठ झालं की ती पळायलाही लागेल, आणि पाहुण्यांना खरं वाटणार नाही की हिला दिसत नाही. त्यानंतर सामान हलवायचं नाही हे मात्र घरातल्या सगळ्यांनी पाळायचं. गव्हाचं अर्धवट पोतं वाटेत, उद्या दुसरीकडे, असं चालणार नाही. फरशी फिनाईलनं पुसू नका. फिनाईल मांजराला विषारी असतं, पायाला लागलेलं ती चाटते. शिवाय तिनं वासावर लावलेल्या सगळ्या खुणा त्यानं जातात. साधं पाणी पुरे.

मिशा कापायच्या नाहीत, मुलं गंमत म्हणून कापतात. गळ्यात घंटी बांधायची नाही. मांजराचा कान आपल्या तिप्पट उंच पट्टीतले आवाज टिपतो. तो कानच आता तिचा डोळा असताना स्वतःच्या गळ्यातली किणकिण तिला कशाला? घुंगरू बांधायचंच तर चेंडूला बांधा. पोळ्याला आणलेली घुंगरं घरात कुठेतरी असतीलच. प्लास्टिकच्या जाळीदार चेंडूत एक घालून तोंड पक्कं बंद करा, गिळता येऊ नये असं. ती त्याच्यामागे धावेल.

आपल्याकडची एक अडचण कुठल्या पुस्तकात लिहिलेली नसते. कूलर. मे महिन्यात पारा 44-45 वर असताना तो दिवसभर घरघरत असतो, आणि त्या आवाजात पिल्लाला ना तुमची पावलं ऐकू येतात, ना भांडं. कूलर चालू असताना ती जास्त आपटते की नाही ते बघा, मला खात्री आहे आपटत असणार. कूलर बंद करा असं सांगायची माझी छाती नाही. तिचा कोपरा त्याच्यापासून लांब, शक्य तर भिंतीपलीकडच्या खोलीत ठेवा. खायच्या वेळी दहा मिनिटं तो थांबवा आणि वाटी फरशीवर दोनदा टेकवून वाजवा. त्याची थरथर तिच्या पंजांनाही कळते. कूलरच्या मागची टाकी आणि पंख्याची जाळी झाका. न्हाणीतली भरलेली बादली, अंगणातला हौद, धाब्यावर जाणारा जिना, सगळ्यांना झाकण किंवा फळी. पिल्लू बुडायला अर्धी बादली पुरते. उन्हात ती तोंड उघडून धापा टाकायला लागली तर ओल्या फडक्यानं अंग पुसून गार जागी न्या आणि डॉक्टरांना फोन करा.

खाण्याचं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दूध-पोळीवर मांजर वाढत नाही. गाईचं दूध बहुतेक पिल्लांना पचत नाही, पातळ शी होते. आणि टॉरिन नावाचा घटक मांजराला मुख्यतः मांस-मासळीतून मिळतो. तो महिनोन्महिने मिळाला नाही तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय कमजोर पडतं. म्हणजे ज्या नजरेसाठी आपण थांबलोय तीच आपण दुसऱ्या दारानं घालवायची. तुमच्या चुलीवर मांस शिजवा असं मी म्हणत नाही. मांजराच्या पिल्लांचं कोरडं तयार खाद्य जळगाव-धुळ्यात मिळतं, ऑनलाइनही मागवता येतं. कुत्र्याचं खाद्य मात्र चालणार नाही, त्यात हे पुरेसं नसतं. कोमट पाण्यात भिजवून दिवसातून चार वेळा, तिच्या वेगळ्या वाटीत. कोमट असलं की वास सुटतो आणि ती वाटी स्वतः शोधते. बदल आठवडाभरात हळूहळू करा. घरच्या शेवभाजीचा रस्सा, वरणावरची फोडणी बोटाला लावूनही चाखवू नका, कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक.

सासूबाईंचं काम असं. दुपारी तुम्ही मळ्यात असता तेव्हा घरात त्याच असतील. त्यांनी पिल्लाला हात लावायची गरज नाही, फक्त जिथे बसतात तिथे रोज बसावं आणि मधूनमधून बोलत राहावं, पोथी वाचली तरी चालेल. एका जागेवरून येणारा ओळखीचा आवाज असला की पिल्लू त्याच्या धोरणानं खोलीभर फिरतं. आठवड्याभरात ते त्यांच्या लुगड्याच्या घोळात येऊन झोपलं, तर मळ्याचा विषय कोणी काढणार नाही. नाही झोपलं, तर मालकांशी तुम्हालाच बोलावं लागेल.

तुमच्या हातून झाकण निसटलं हे तुम्ही लिहिलंत. त्यावर मला बोलायचं नाही. कोठीच्या झाकणाला कडी आणि साखळी मात्र बसवून घ्या, घरात लहान मुलगा आहे.

लसीकरणाचं डॉक्टरांना आत्ताच विचारा. या वयात मांजरांची लस सुरू झालेली असते आणि रेबीजची साधारण तीन महिन्यांना देतात. मार लागल्यामुळे थोडी पुढे ढकलायची का ते तिला बघून तेच ठरवतील. पाच-सहा महिन्यांची झाली की नसबंदी करून घ्या. ते टाळू नका. माजावर आलेली मांजरी बोक्याच्या आवाजामागे घराबाहेर पडते, आणि तुमच्या उंबऱ्यापलीकडचं चिंगीला काहीच पाठ नसेल.

टॉर्चचं आणि कापसाचं काय निघालं ते लिहून पाठवा. एकाच डोळ्याची बाहुली हलत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, मग तेही लिहा, कोणता डोळा ते नमूद करून.